रक्षा आणि रोप : एका संस्काराचा पूर्वेतिहास

दिवंगत आप्ताची रक्षा नदीत न सोडता ती मातीत मिसळावी आणि त्या मातीत एक रोप लावावे, असा प्रघात अलीकडे महाराष्ट्रात रूढ होऊ लागला आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा या जिल्ह्यांतील कित्येक गावी शेताच्या बांधावर अशी झाडे उभी आहेत. आपल्या ज्ञातीतील काही कुटुंबांनीही हा मार्ग पत्करला आहे. मात्र त्याविषयी घरोघरी दोन तट पडलेले दिसतात. रक्षा तीर्थात न पडल्यास पितरांस गती कशी मिळणार, अशी वडीलधाऱ्यांची शंका असते. तर जुने सोडून नवे धरण्यातच शहाणपण आहे, असे तरुण मंडळींना वाटते. हा वाद बहुधा तिसऱ्या दिवशी, राख सावडण्याच्या वेळी, दुःख अगदी ताजे असताना निघतो आणि त्यातून भावाभावांत कायमचा अबोला धरला जातो. म्हणून शांत चित्ताने या प्रश्नाचा पूर्वेतिहास पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते. तो पाहिला असता दोन्ही पक्षांच्या समजुती अपुऱ्या आहेत, असे दिसून येईल.

अस्थिसंचयाचा विधी फार प्राचीन आहे. आश्वलायन गृह्यसूत्रात त्याचे तपशीलवार वर्णन आढळते. अंगठा व अनामिका यांनी एकेक अस्थी उचलावी, आवाज होऊ देऊ नये, पायांपासून आरंभ करून मस्तकाशी संपवावे, इतक्या हळुवारपणे ते सांगितले आहे. पण त्या अस्थींचे पुढे काय करावयाचे? सूत्रकार नदीकडे बोट दाखवीत नाही. अस्थी कुंभात भराव्यात आणि पावसाखेरीज अन्य पाणी जेथे चोहोंकडून वाहून येणार नाही, अशा जागी खड्ड्यात तो कुंभ ठेवावा, असे तो सांगतो. अथर्ववेदाच्या परंपरेतील कौशिकसूत्र याहून एक पाऊल पुढे जाते. त्यात अस्थी वृक्षाच्या मुळाशी ठेवण्याचा विधी आहे, आणि वृक्षाने व पृथ्वीने मृतास पीडा देऊ नये, अशा आशयाचा मंत्र त्या वेळी म्हणावयाचा आहे. भारतरत्न महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या चौथ्या खंडात अंत्येष्टीचा जो विस्तृत परामर्श घेतला आहे, तो वाचल्यास या विधींचे रूप काळानुसार किती पालटत गेले, हे ध्यानी येते. तात्पर्य, भूमी आणि वृक्षमूल ही अस्थींची अशास्त्रीय स्थाने नव्हेत.

मग नदी कोठून आली? गंगेत अस्थी पडल्याने स्वर्गप्राप्ती होते हा विचार महाभारताच्या अनुशासनपर्वात व पुराणांत विस्ताराने येतो. सगरपुत्रांची राख गंगाजलाने पावन झाली, ही कथा तर बालपणीच आपल्या कानी पडते. ज्यांना गंगा दूर, त्यांनी गोदावरीलाच दक्षिणगंगा मानले. नाशिकच्या रामकुंडात अस्थींचा जलात विलय होतो, या श्रद्धेने आजही लोक लांबलांबून तेथे येतात. वारकरी कुटुंबे चंद्रभागेला वा इंद्रायणीला जवळ करतात. एक व्यावहारिक गोष्टही विसरून चालणार नाही. १८७० साली जबलपूर येथे लोहमार्ग जोडले जाऊन मुंबई व अलाहाबाद यांच्यामध्ये आगगाडी सुरू झाली, त्यापूर्वी प्रयागापर्यंत अस्थी नेणे महिनोमहिन्यांच्या खडतर प्रवासाचे काम होते. सामान्य कुटुंबाची रक्षा गावच्या नदीत, ओढ्यात वा स्मशानभूमीतच राही. त्यांच्या पितरांस गती मिळाली नाही, असे कोण म्हणेल?

महाराष्ट्रात तर मृताच्या स्मृतीशी रोपाची सांगड फार पूर्वीच घातली गेली आहे. आपल्या नदीकाठी जागोजाग दगडी वृंदावने आढळतात. वृंदावन म्हणजे नुसता चौथरा नव्हे. त्याच्या माथ्यावर तुळशीसाठी मातीची जागा राखलेली असते. थोरले माधवराव पेशवे १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे निवर्तले व रमाबाई सती गेल्या. त्यांचे वृंदावन थेऊरला मुळामुठेच्या काठी आहे. सती जाण्याची ती रूढी आपण टाकून दिली, आणि ते योग्यच झाले. परंतु दगडाच्या स्मारकावरही काही जिवंत, रोज पाणी मागणारे असावे, ही त्यामागील दृष्टी टाकाऊ नाही.

आळंदीचा अजानवृक्षही येथे आठवतो. ज्ञानेश्वर महाराजांची संजीवन समाधी शके १२१८, म्हणजे इ. स. १२९६ मधील आहे. तेथे दहनाचा वा रक्षेचा प्रश्न नाही. पण वृक्ष आणि स्मृती यांचे नाते तेथे स्पष्ट दिसते. अजानवृक्षाच्या मुळीचा गळ्याला वेढा पडल्याचा दृष्टान्त होऊन एकनाथ महाराज आळंदीस आले, असे परंपरा सांगते. त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती शके १५०६, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये. त्या वृक्षातळी आजही ज्ञानेश्वरीची पारायणे चालतात. तेथील वृक्षाचा महिमा टिकला, तो पिढ्यान् पिढ्या त्याला जपणारी माणसे होती म्हणून.

अर्वाचीन काळातील एक उदाहरणही लक्षात घेण्याजोगे आहे. पंडित जवाहरलाल नेहरू यांनी १९५४ साली केलेल्या मृत्युपत्रात आपल्या रक्षेचा एक मूठभर अंश प्रयागला गंगेत सोडावा आणि बहुतांश भाग, जेथे शेतकरी राबतात त्या शेतांवर, विमानातून विखुरावा, अशी इच्छा लिहून ठेवली होती. १९६४ मध्ये त्यांच्या निधनानंतर ती पाळण्यात आली. नदी आणि भूमी या दोहोंचा मान राखणारी ही वाटणी आहे. ज्या घरात मतभेद असतील, तेथे थोडा अंश तीर्थात व उरलेला रोपाच्या मातीत, असा तोडगा काढण्यास कोणाचीही हरकत नसावी.

आता ज्यांनी रोप लावण्याचे ठरविले आहे, त्यांच्यासाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी. रक्षा म्हणजे खत, ही समजूत अर्धीच खरी आहे. दहनानंतर उरणाऱ्या अस्थींचे वजन साधारणतः दोन ते तीन किलो भरते; त्यांत मुख्यत्वे कॅल्शियम फॉस्फेट असते, चितेच्या लाकडाची राख निराळी. हे मिश्रण तीव्र अल्कधर्मी असते व त्यात नत्र नसतो. रोपाच्या मुळाशी ते थेट ओतल्यास कोवळी मुळे करपतात. म्हणून थोडीच रक्षा घ्यावी, तिच्या कितीतरी पट माती व चांगले कुजलेले शेणखत घेऊन त्यात ती मिसळावी, आणि हे मिश्रण मुळांना न भिडवता खड्ड्याच्या तळाशी व कडेला घालावे. देशावरील काळी जमीन मुळातच चुनखडीयुक्त असते, तेथे अधिक बेताने घ्यावे. कोकणातील जांभ्याची माती आम्लधर्मी असल्याने तेथे ही राख तुलनेने मानवते. मृगाचा पाऊस चांगला मुरल्यावर लावणी करावी. मृत्यू उन्हाळ्यात झाला असेल, तर रक्षा मडक्यात जपून ठेवता येते. वड, पिंपळ, उंबर हे घराच्या भिंतीपासून व विहिरीपासून दूर, माळावर वा गावठाणाबाहेर शोभतात; परसात आंबा, फणस, बकुळ लावावे; बांधावर चिंच, करंज वा कडुनिंब उत्तम.

खरा प्रश्न मात्र पुढचाच आहे. नदीत सोडलेली रक्षा आपल्याला जबाबदारीतून मोकळे करते. रोपात मिसळलेली रक्षा आपल्याला जबाबदारीत बांधते. पहिले तीन उन्हाळे पाणी कोण घालणार, गुराढोरांपासून कुंपण कोण राखणार, आणि मुले पुण्या-मुंबईस वा परदेशी गेल्यावर जमीन विकली गेली तर त्या झाडाचे काय होणार? याचे उत्तर ज्यांच्यापाशी नाही, त्यांनी केवळ हौसेखातर रोप लावू नये. वाळून गेलेले ते खोड पाहणे घरच्यांना दुसऱ्या मृत्यूसारखे वाटते. ज्यांना स्वतःची जमीन नाही, त्यांच्यासाठी ज्ञातिसंस्थेने आपल्या आवारात थोडी जागा राखावी, प्रत्येक झाडाची नोंद वहीत ठेवावी आणि पाण्याची पाळी सभासद कुटुंबांत वाटून द्यावी, अशी आमची नम्र सूचना आहे. वर्षश्राद्धाच्या दिवशी त्या झाडाला घागरभर पाणी घालणे, हेही एक तर्पणच होय.

नदीचा मार्ग स्वीकारणाऱ्यांनी झाड लावणाऱ्यांस नास्तिक म्हणू नये आणि झाड लावणाऱ्यांनी नदीकडे जाणाऱ्यांस अडाणी म्हणू नये. दोन्ही वाटा आपल्याच पूर्वजांनी पाडलेल्या आहेत. कोणती वाट धरावयाची, हे दिवंगताची इच्छा आणि मागे राहिलेल्यांची निष्ठा यांवरून ठरवावे. आणि ती इच्छा घरातील वडीलधाऱ्यांस त्यांच्या हयातीतच, प्रेमाने विचारून ठेवावी.