तेरा औंस बर्फ

लोकरीचा जाड कोट घाला. खोलीत शेगडी का पेटवलेली नाही, हे विचारू नका. थोड्या वेळाने कळेल. तुम्ही पॅरिसमध्ये आहात, सेन नदीजवळच्या आर्सेनलमध्ये, १७८३ च्या सुरुवातीच्या थंडीत. सरकारी बंदुकीच्या दारूचा कारभार इथून चालतो. तो पाहणाऱ्यांपैकी एक, आंत्वान लाव्हॉझिए, इथेच राहतात आणि इथेच त्यांची प्रयोगशाळा आहे. वय एकोणचाळीस. शेजारी उभे आहेत ते पिअर-सिमों लाप्लास, गणिती, पाच-सहा वर्षांनी लहान.

पुढे या, ते यंत्र बघा. एकात एक बसवलेल्या तीन कप्प्यांचं पत्र्याचं भांडं. मधोमध तारेच्या जाळीची टोपली, तिच्याभोवती कुटलेला बर्फ आणि त्याच्याभोवती वेगळ्या कप्प्यात पुन्हा बर्फ. खोलीची ऊब बाहेरच्या थरालाच वितळवते, आत पोचत नाही. त्यामुळे आतल्या थरातून तोटीवाटे जे पाणी गळतं, ते केवळ टोपलीतल्या वस्तूच्या उष्णतेमुळे. उष्णता कुणाला दिसत नाही, पण तिने वितळवलेला बर्फ तराजूत घालता येतो. बाहेरचा थर लवकर वितळून जाऊ नये, म्हणून शेगडी नाही.

आज टोपलीत एक गिनीपिग आहे. जिवंत, आणि या व्यवस्थेवर बहुधा नाराज.

दहा तास थांबायचं आहे. तोटीखालचं भांडं हळूहळू भरतं आणि शेवटी तोललं जातं: तेरा औंस, म्हणजे सुमारे ४०० ग्रॅम. एक ग्रॅम बर्फ वितळायला ८० कॅलरी लागतात. खिशातल्या कागदावर मांडून बघा: ३२ हजार कॅलरी, म्हणजे दहा तास सतत पावणेचार वॅटच्या आसपास. या खोलीत ‘वॅट’ हा शब्द मात्र उच्चारू नका. हे एकक अजून जन्मलेलं नाही.

दुसरा हिशेब जास्त धाडसाचा. हा प्राणी दहा तासांत जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतो, तेवढा वायू तयार होईल इतका कोळसा जाळला तर किती बर्फ वितळेल? उत्तर येतं साडेदहा औंसांच्या जरा खाली. तेरा आणि साडेदहा. जुळत नाही, पण फार लांबही नाही. दोघे फरक लपवत नाहीत. थंडीत प्राण्याचे हातपाय गारठले, श्वासातली वाफ बर्फात मिसळली, अशी कारणं ते स्वतःच मांडतात. मग निष्कर्ष काढतात की श्वसन हे ज्वलनच आहे, अगदी संथ. उष्णता हा एखादा द्रव आहे की कणांची हालचाल, यावर मात्र दोघे निवाडा देत नाहीत. ही संयमाची बाजू मला निष्कर्षाइतकीच मोठी वाटते. जूनमध्ये हा निबंध अकादमीपुढे वाचला जाईल. ८ मे १७९४ रोजी लाव्हॉझिए यांना गिलोटिनवर चढवतील. ते त्यांना सांगण्याची मुभा तुम्हाला नाही. निघा.

वाटेत जावामधल्या सुराबाया बंदरात क्षणभर डोकवा, साल १८४०. डच जहाजावरचे जर्मन डॉक्टर रॉबर्ट मायर खलाशाच्या शिरेतून रक्त काढतात आणि चपापतात, कारण ते धमनीतल्या रक्तासारखं लालभडक आहे. उष्ण हवेत शरीर कमी जाळतं, म्हणून रक्तात प्राणवायू शिल्लक उरतो, असा त्यांचा कयास. त्यातूनच ते १८४२ मध्ये उष्णता आणि कार्य एकमेकांत बदलतात हे मांडतील.

पण एक अडचण तशीच राहते. शरीर जर वाफेच्या इंजिनासारखं चालत असेल, तर उष्णतेतून काम काढायला एक बाजू गरम आणि एक गार हवी. स्नायू घेतलेल्या ऊर्जेपैकी चौथा हिस्सा कामात उतरवतो असं धरा. थंड बाजू ३७ अंश सेल्सिअस असेल, तर गरम बाजू किमान १४० अंश हवी. त्या तापमानाला स्नायू शिजेल. म्हणजे उष्णता हे शरीराचं इंधन नव्हे. काम होऊन उरलेलं ते आहे. मग काम करतं काय?

त्यासाठी बॉस्टनला चला, १९२० च्या दशकाच्या मध्यावर, हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयात. सायरस फिस्के यांच्या प्रयोगशाळेत भीमावरमहून आलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव परीक्षानळीतला निळा रंग पाहत आहेत. फॉस्फेट मोजायची ही दोघांची पद्धत १९२५ मध्ये छापून आली: फॉस्फेट जितकं जास्त, तितका निळा रंग गडद. पण स्नायूच्या अर्कात रंग एकदम येत नाही, हळूहळू चढत राहतो. दुसरा कुणी असता तर रसायनं शिळी झाली म्हणून नळी ओतून मोकळा झाला असता. या दोघांच्या लक्षात येतं की अर्कात एक नाजूक संयुग आहे आणि ते नळीतच तुटून फॉस्फेट सोडतंय. ते निघालं फॉस्फोक्रिएटिन, १९२७. स्नायू राबला की ते घटतं, विसावला की पुन्हा भरतं. दोन वर्षांनी याच प्रयोगशाळेत आणि जर्मनीत कार्ल लोमान यांच्याकडे स्वतंत्रपणे एटीपी सापडलं.

आता या दोन रेणूंचा व्यवहार बघा. एटीपीचं टोकाचं फॉस्फेट पाण्याशी संयोग होऊन सुटलं, तर प्रमाण परिस्थितीत मोलमागे ३०.५ किलोजूल मुक्त ऊर्जा मिळते; म्हणजे उरलेल्या रेणूवर, एडीपीवर, ते परत चढवायला तेवढीच लागते. फॉस्फोक्रिएटिनकडून सुमारे ४३ मिळतात. एकट्याने न होणारी चढण अशी दुसऱ्या उतरणीला जोडली की होते: ४३ वजा ३०.५, साडेबारा शिल्लक. विहिरीवर बैल धावेवरून उतरतात आणि नाड्याला बांधलेली मोट वर येते, तसंच हे. नाडा मात्र पक्का हवा, आणि पेशीत तो विकराचा असतो. विकर नसेल तर उतरणीची ऊर्जा नुसती उष्णता होऊन जाते, आणि त्या उष्णतेने फार तर बर्फ वितळतो.

१९४१ मध्ये फ्रिट्झ लिपमन यांनी या फॉस्फेटच्या बंधासाठी नागमोडी रेघ वापरली आणि एक गैरसमज वर्गावर्गात जाऊन बसला: एटीपीच्या बंधात ऊर्जा भरलेली असते आणि बंध तुटला की ती बाहेर पडते. बंध तोडायला नेहमी ऊर्जा खर्चावीच लागते. फायदा होतो तो तुटल्यानंतर जे नवे बंध जुळतात आणि सुटे झालेले ऋणभारित तुकडे पाण्यात जास्त स्थिर होतात, त्यामुळे. तुम्ही जीवशास्त्र शिकवत असाल, तर उद्याच्या तासाला फळ्यावरचं ते वाक्य दुरुस्त करा.