मजूरमंत्री आणि खाणीतील स्त्रिया

सातपुड्याच्या दक्षिण उतारावरील पांढुर्णा आणि सौंसर हा मराठी मुलूख आज संत्र्यांसाठी ओळखला जातो. भूशास्त्रात मात्र सौंसरचे नाव मँगनीजयुक्त खडकांच्या एका समूहाला मिळाले आहे. २०२३ साली पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत ही दोन्ही गावे छिंदवाडा जिल्ह्यात होती. त्याच जिल्ह्याच्या उत्तरेस, परासियाच्या परिसरात, पेंच खोऱ्यातील कोळशाच्या खाणी आहेत. नागपूर ही ज्याची राजधानी होती त्या मध्य प्रांतातील कोळसाखाणींचा प्रश्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या राजकीय जीवनातील एका कठीण प्रसंगाशी निगडित आहे.

१९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात त्यांनी मजूर स्त्रियांच्या प्रसूतिसाहाय्याच्या विधेयकाचा हिरिरीने पुरस्कार केला. १९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापिला. १९३८ साली संपाच्या हक्काचा संकोच करणाऱ्या विधेयकाविरुद्ध मुंबईत एक दिवसाचा संप झाला, त्याच्या अग्रभागी तेच होते. विरोधी बाकांवरील हे विधिज्ञ १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले आणि मागणी करणाऱ्यावर उत्तर देण्याची पाळी आली.

युद्धामुळे कोळशाची टंचाई भासत होती आणि खाणींतील मजूर अधिक मजुरीच्या लष्करी कामांकडे वळत होते. स्त्रियांना भूगर्भात कामास लावण्यास १९३७ पासून पूर्ण बंदी होती. १९४३ साली सरकारने ती उठविली आणि तिचा आरंभ मध्य प्रांतापासून झाला. फेब्रुवारी १९४४ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात यावर कठोर टीका झाली. ही तात्पुरती निकड आहे आणि समान कामास समान वेतन हे तत्त्व येथे स्त्रियांना लागू केले आहे, असे आंबेडकरांचे उत्तर होते. त्यापूर्वी डिसेंबर १९४३ मध्ये धनबादच्या परिसरातील खाणीत उतरून त्यांनी मजुरांची स्थिती प्रत्यक्ष पाहिली होती. १९४४ सालीच कोळसा-खाण मजूर कल्याण निधी निर्माण झाला. फेब्रुवारी १९४६ मध्ये बंदी पुन्हा अमलात आली आणि त्याच वर्षी त्यांचे मंत्रिपद संपले.

समान वेतन हा लाभ खराच. पण ज्या अंधारातून स्त्रियांना कायद्याने बाहेर काढले होते, त्याच अंधारात त्यांना परत जावे लागले, हेही खरे. कामगारांचा कैवारी सत्तेवर आला म्हणजे सत्तेची निकड त्यालाही सोडीत नाही. अशा वेळी दिलेला शब्द किती दिवसांत पाळला गेला, यावरूनच त्याची परीक्षा करावी लागते.