रेडिओ, घरभेट आणि व्हॉट्सॲप: स्पॅनिश बोलणाऱ्यांचा कॅन्सर

‘कॅन्सर सर्व्हायव्हर’ या शब्दाला आज जो अर्थ आहे, त्याला एक जन्मगाव आहे. १९८६च्या ऑक्टोबरात अमेरिकेतल्या अल्बुकर्की शहरात काही माणसं जमली आणि कॅन्सरमधून जाणाऱ्यांची एक राष्ट्रीय संघटना उभी राहिली. निदान झालं त्या क्षणापासून माणूस सर्व्हायव्हर, पाच वर्षं वाट पाहायची गरज नाही, असं तिचं म्हणणं. मला कुतूहल वाटतं ते गावाचं. अल्बुकर्की हे नावच स्पॅनिश. तिथल्या कितीतरी घरांत पिढ्यान्‌पिढ्या स्पॅनिश बोलली जाते. पण ही चळवळ बोलत होती मुख्यतः इंग्रजीत.

भाषा चुकली की काय होतं? १९८०मध्ये फ्लोरिडात अठरा वर्षांच्या एका मुलाला बेशुद्धावस्थेत दवाखान्यात आणलं. घरचे म्हणाले, ‘इंतोक्सिकादो’. क्यूबाच्या बोलीत याचा अर्थ, खाण्यापिण्यातलं काही बाधलंय. डॉक्टरांना ऐकू आलं, नशा केलीय. खरं तर मेंदूत रक्तस्राव होत होता. मुलाचे हातपाय कायमचे गेले. ही केस कॅन्सरची नाही, पण कॅन्सरमध्ये असे शब्द महिनोन्‌महिने रोज येतात. आणि दुभाषा नसला की ते काम शाळेत जाणाऱ्या पोरावर पडतं. आईच्या गाठीबद्दल आईला त्यानेच सांगायचं.

यावर पहिला मोठा उपाय निघाला तो रेडिओवर. एल्मर वेर्ता हे मूळचे पेरूचे कॅन्सरतज्ज्ञ. १९८९पासून वॉशिंग्टनहून त्यांनी स्पॅनिशमध्ये आरोग्याचा कार्यक्रम सुरू केला. १९९४मध्ये त्यांनी एक दवाखाना काढला, तोही काहीही दुखत नसलेल्या लोकांसाठी. रेडिओवर ऐकून माणसं तपासणीला येऊ लागली. २००७मध्ये ते अमेरिकन कॅन्सर सोसायटीचे पहिले लॅटिनो अध्यक्ष झाले.

दुसरा उपाय माणसाचा. कॅलिफोर्नियात ‘नुएवो अमानेसेर’, म्हणजे नवी पहाट, नावाचा उपक्रम झाला. स्तनाच्या कॅन्सरमधून गेलेल्या बायकांना प्रशिक्षण दिलं, आणि त्या दर आठवड्याला एकदा अशा आठ वेळा नव्या रुग्ण स्त्रीला भेटत. १५१ स्त्रियांवरच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१५मध्ये आले: ज्यांना ही सोबत मिळाली, त्यांचं जगणं थोडं सुसह्य झालं.

मग फोन आला. फेसबुकने इंग्रजीबाहेर पहिलं पाऊल टाकलं ते स्पॅनिशमध्येच, २००८च्या फेब्रुवारीत. भाषांतर केलं सुमारे दीड हजार वापरकर्त्यांनी, तेही महिन्याभराच्या आत! २०११मध्ये ट्विटरवर स्तनाच्या कॅन्सरवरच्या साप्ताहिक गप्पा सुरू झाल्या, इंग्रजीत. त्या चांगल्याच होत्या. पण हॅशटॅग लावून ‘मला कॅन्सर आहे’ असं चारचौघांत जाहीर करणं सगळ्यांना कुठे जमतं? ज्या घरात आजीपासूनसुद्धा आजाराचं नाव लपवतात, किंवा ज्या घरात कुणाकडे राहण्याचे कागद नाहीत, तिथे तर नाहीच.

म्हणून माझ्या मते खरी जागा व्हॉट्सॲपची. २०२१च्या प्यू रिसर्च सेंटरच्या पाहणीत अमेरिकेतले ४६ टक्के हिस्पॅनिक प्रौढ ते वापरत होते, गोरे फक्त १६ टक्के. कारण साधं आहे: आई मेक्सिकोत, मुलगी शिकागोत, फोन महाग. ग्रुप आधीपासूनच होता, कॅन्सर नंतर आला. लिहिता येत नसेल तर व्हॉइस मेसेज. केमोनंतर तोंड आलं, गिळवत नाही, काय खाऊ? रात्री दोन वाजता ऐकणारं कुणीतरी जागं सापडतं.

त्याच ग्रुपमध्ये ‘ग्वानाबाना’ही येतं. म्हणजे आपलं लक्ष्मणफळ. केमोपेक्षा दहा हजार पट प्रभावी, असा तो मेसेज; मराठी ग्रुपवर तुम्हीही पाहिला असेल. प्रयोगशाळेतल्या पेशींवर काही परिणाम दिसलेत, पण माणसांत कॅन्सर बरा झाल्याचा पुरावा नाही. उलट कॅरिबियनमधल्या ग्वाडेलूप बेटावर त्याच्या अति सेवनाचा संबंध पार्किन्सनसारख्या विकाराशी जोडला गेलाय. पण मेसेज पाठवते ती मावशी, तिला खोटं कोण पाडणार? इथे अनोळखी डॉक्टरपेक्षा ग्रुपमधलीच केमो झालेली बाई जास्त उपयोगी पडते.

२०००मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांनी सरकारी यंत्रणांनी इंग्रजी न येणाऱ्यांची सोय पाहावी असा आदेश काढला होता. मार्च २०२५मध्ये तो रद्द झाला आणि इंग्रजी अधिकृत भाषा ठरली. १९६४चा नागरी हक्क कायदा अजून जागेवर आहे. ग्रुपही.