यकृतात उघडणारी गोळी

एनालाप्रिल ही बीपीची गोळी गिळली की ती पोटात जाते आणि काम सुरू करते, असं मलाही वाटायचं. प्रत्यक्षात गिळलेली गोळी जवळजवळ निकामीच असते.

गोष्ट सुरू होते ब्राझीलमधल्या जराराका सापापासून. त्याच्या विषावर काम करताना १९४९ मध्ये साओ पावलोत ब्रॅडिकायनिन सापडलं. रक्तवाहिन्या सैल करणारा हा पदार्थ आपल्याच रक्तातून तयार होतो. पुढे सेर्जिओ फेरेरा यांनी दाखवलं की त्याच विषात ब्रॅडिकायनिनचा जोर वाढवणारे घटकही आहेत. हे घटक एसीई नावाच्या विकराला अडवतात. हे विकर ब्रॅडिकायनिन मोडतं आणि रक्तवाहिन्या आवळणारं अँजिओटेन्सिन घडवतं. म्हणजे एकाला अडवलं की दोन्हीकडून फायदा. विषावरून घडवलेलं टेप्रोटाइड कामाचं होतं, पण फक्त इंजेक्शनने. बीपीसाठी रोज जन्मभर सुई कोण टोचून घेणार?

स्क्विब कंपनीच्या कुशमन आणि ओंडेटी यांनी कॅप्टोप्रिल ही गोळी बनवली. १९८१ मध्ये अमेरिकेत तिला परवानगी मिळाली. तिच्यातल्या गंधकाच्या गटावर मात्र अंगावर पुरळ उठणं, तोंडाची चव जाणं यांचा ठपका आला. मर्कमध्ये आर्थर पॅचेट यांच्या गटाने गंधक काढून एनालाप्रिलॅट तयार केलं. परीक्षानळीत ते जबरदस्त! पण तोंडावाटे दिलं की जेमतेम शोषलं जाई. विद्युतभार असलेल्या रेणूला आतड्याचं तेलकट आवरण सहज आत घेत नाही.

मग त्यांनी रेणूच्या एका टोकाला इथाइलची टोपी चढवली. तेच एनालाप्रिल. ते सुमारे ६० टक्के शोषलं जातं. यकृतातलं एस्टरेज विकर टोपी छाटतं आणि खरं औषध मोकळं होतं. रक्तात एनालाप्रिलचं प्रमाण तासाभरात शिगेला पोहोचतं, तर एनालाप्रिलॅटचं तीन-चार तासांनी. औषधाचं शेवटचं काम रुग्णाच्या शरीरावर सोपवण्याची ही युक्ती मला भलतीच धाडसी वाटते.

१९८७ मध्ये स्कँडिनेव्हियातल्या कन्सेन्सस चाचणीत हृदय अगदी थकलेल्या २५३ रुग्णांची नोंद झाली. सहा महिन्यांत नकली गोळी घेणाऱ्यांपैकी ४४ टक्के दगावले, तर एनालाप्रिल घेणाऱ्यांपैकी २६ टक्के.

यकृत फारच बिघडलेलं असेल तर टोपी काढायला वेळ लागतो. मर्कमध्येच घडलेल्या लिसिनोप्रिलला टोपीच नाही. ते कमी शोषलं जातं, पण यकृतावाचून त्याचं अडत नाही.