नवापूरचा मेघ आणि वायूचे श्रम

आषाढांत नवापूरहून कोंडाईबारीच्या घाटाकडे निघालें, म्हणजे सह्याद्रीच्या उत्तर टोकाकडील डोंगर मेघांत बुडालेले दिसतात. अलीकडे रंगावली दुथडी वाहते. घाटापलीकडे साक्रीच्या बाजूस मात्र पाऊस पुष्कळच कमी. वारा डोंगर चढला कीं निवतो व मेघ होतो, हें शाळेंतील मुलेंहि सांगतील. पण तो निवतो कां? उंचावर थंडी असते म्हणून, असें आपण सहज म्हणतों. हें उत्तर अपुरें आहे. पुरतें उत्तर मिळण्यास सुमारें दीडशें वर्षें लागलीं.

त्या शोधाचा आरंभ मेघांत नसून ध्वनींत आहे. हवेंतील ध्वनीचा वेग न्यूटननें 1687 सालच्या ग्रंथांत गणितानें काढला. 1713 च्या आवृत्तींत गणित सांगे सेकंदास 979 फूट, आणि प्रत्यक्ष मापन होतें 1142 फूट. मूळ गृहीताकडे न वळतां त्यानें ही तूट हवेंतील घन कण व बाष्प यांच्या माथीं मारली. थोरांच्या हातूनहि असें घडतें. ध्वनिलहरींत हवा इतक्या त्वरेनें दाबली व सैल सोडली जाते, कीं उष्णतेला आंतबाहेर जाण्यास अवसरच नसतो. म्हणून दाबलेली हवा तापते व पसरणारी निवते. 1816 सालीं लाप्लासनें हें ध्यानीं घेऊन गणित सुधारलें.

परंतु उत्तर बरोबर आलें म्हणजे मर्महि कळलेंच, असें नाहीं. लाप्लासच्या मतें उष्णता हें एक सूक्ष्म द्रव्य होतें. ओला बोळा पिळावा तसें तें दाबानें बाहेर येई. जूलनें 1845 सालीं ह्या मतास धक्का दिला. त्यानें दाबलेल्या हवेचें एक भांडें व निर्वात केलेलें दुसरें अशीं दोन्ही पाण्यांत ठेवून मधली तोटी उघडली. हवा दुप्पट जागेंत पसरली, तरी पाण्याचें उष्णतामान बदललेलें दिसलें नाहीं! तीच हवा बाहेरच्या वातावरणाला रेटीत सुटली, तेव्हां मात्र पाणी थंड झालें. तात्पर्य, थंडी नुसत्या पसरण्यानें येत नाहीं. वायूला दुसऱ्यास रेटण्याचे श्रम पडतात, आणि बाहेरून भर न मिळाल्यास त्यांची किंमत तो स्वतःच्या उष्णतेंतून देतो. 27 अंशांची कोरडी हवा अशा रीतीनें निम्म्या दाबापर्यंत पसरली, तर ती शून्याखालीं सुमारें 27 अंशांवर उतरते.

घाट चढणारा वारा हेंच करतो. वरच्या विरळ हवेंत तो पसरतो, आणि हजार मीटरांस सुमारें दहा अंश निवतो. पुढें बाष्पाचे थेंब होऊं लागले, कीं त्यांतून सुटणारी उष्णता हा वेग मंदावते. पलीकडे उतरतांना वारा दाबला जाऊन पुन्हां तापतो, मेघ विरतात. नवापूरच्या शेतांत भात पिकतो तो ह्याच देण्याघेण्यावर. पाऊस ही आकाशाची कृपा, असें आपण म्हणतों. आम्ही त्यांत एवढीच पुस्ती जोडूं, कीं ती वायूच्या श्रमांचीहि कमाई आहे.