सावलीचा वाटा

वैशाखात यवतमाळचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. अशा वेळी कोणाच्या दारात कडुनिंब आहे आणि कोणाच्या नाही, हा केवळ शोभेचा प्रश्न उरत नाही. सावली ही घराइतकीच गरजेची वस्तू ठरते. तिचा वाटा मात्र सर्वांना सारखा मिळालेला नाही, असे इतिहास सांगतो.

आग्नेय वऱ्हाडचा जिल्हा १८६४ साली अस्तित्वात आला. पुढे तो वणी जिल्हा म्हणून ओळखला गेला आणि १९०५ पासून यवतमाळ हे नाव रूढ झाले. सुमारे ४५० मीटर उंचीच्या पठारावरील या गावाला १९०३ मध्ये मूर्तिजापूरची छोटी रेल्वे मिळाली. कापसाच्या व्यापाराला गती आली. इंग्रजी अमलातील जिल्ह्याच्या गावांची घडण सर्वत्र सारखीच असे. साहेबांच्या बंगल्यांभोवती ऐसपैस आवार व गर्द झाडे, तर जिनिंग-प्रेसिंगमध्ये राबणाऱ्यांच्या वस्तीत भिंतीला भिंत लागलेली.

मुंबईत १८९६ च्या प्लेगने दाट, अंधाऱ्या चाळींचे भयंकर मोल दाखवून दिले. त्यानंतर १८९८ मध्ये सुधार मंडळ, म्हणजेच इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापन झाले. त्याच्या दादर-माटुंगा योजनेत अभियंते मंचेरजी जोशी यांच्या पुढाकाराने मध्यमवर्गीय पारशी कुटुंबांची वसाहत उभी राहिली. घरांबरोबरच रस्त्यांच्या दुतर्फा वृक्ष आणि पाच बागा यांचाही तेथे विचार झाला. आज शंभर वर्षांनंतरही ती झाडे वसाहतीची ओळख आहेत. याच सुमारास भारतभर फिरणारे नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी जुन्या वस्त्या सरसकट पाडण्यास विरोध केला. मोजकी पाडापाडी करून मोकळी अंगणे व झाडे राखावीत, असा त्यांचा आग्रह होता. १९१९ मध्ये ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले.

झाडांचा मनावर होणारा परिणाम पुढे शास्त्रीय कसोटीवरही तपासला गेला. अमेरिकेतील शिकागो शहरात गरिबांसाठी बांधलेल्या रॉबर्ट टेलर होम्स या प्रचंड वसाहतीत काही इमारतींपुढे झाडे होती, काहींपुढे नुसती उघडी जमीन. राहणाऱ्यांना इमारत निवडता येत नव्हती. म्हणून तुलना विश्वासार्ह ठरली. झाडांजवळ राहणाऱ्या स्त्रियांमध्ये मनाचा थकवा व घरातील हमरीतुमरी कमी, तर शेजाऱ्यांशी ओळखदेख अधिक आढळली. त्यांचे दारिद्र्य संपले नव्हते. पण त्याच्याशी झुंजण्याचे बळ टिकून होते.

महाराष्ट्राने १९७५ साली नागरी भागातील वृक्षरक्षणाचा कायदा केला. नव्या वसाहतींच्या आराखड्यांत खुली जागाही दाखवली जाते. परंतु नकाशावर हिरवी असलेली ही जागा प्रत्यक्षात अनेकदा झुडपे आणि कचरा यांच्याच स्वाधीन असते. त्यात पाण्याचा प्रश्न. २०१८ च्या उन्हाळ्यात यवतमाळ शहराने तीव्र पाणीटंचाई सोसली. जेथे माणसांनाच पाणी पुरत नाही, तेथे विलायती हिरवळ जोपासणे योग्य नव्हे. कडुनिंब, करंज, बहावा, चिंच हे आपल्या मातीचे वृक्ष पहिली दोन-तीन वर्षे सांभाळली, की पुढे फारसे काही मागत नाहीत.

परमेश्वराने मानवाला बागेत ठेवले ते तिची मशागत व राखण करण्यासाठी, असे उत्पत्तीचे पुस्तक शिकवते. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात शहरांतील एका अन्यायावर बोट ठेवले: सुस्थितीतल्यांच्या भागात हिरवाई राखली जाते, तर समाजाने दूर लोटलेल्यांच्या वस्त्यांत ती क्वचितच दिसते. १९५५ साली स्थापन झालेल्या अमरावती धर्मप्रांतात यवतमाळ येते. येथील धर्मग्रामांतील कुटुंबे बहुधा अशाच साध्या वसाहतींतून राहतात. प्रत्येक कुटुंबाने एका रोपाला स्नानाचे उरलेले पाणी घालावे, आणि ते रोप शक्यतो आपल्या कुंपणाबाहेर, सामाईक जागेत असावे, असे आम्हांला सुचवावेसे वाटते. कुंपणाबाहेरच्या झाडाखाली मजूर क्षणभर विसावतो, शेजारीण बोलायला थांबते आणि मुलांना पाखरांची नावे ठाऊक होतात.