चित्र आणि आवाज: एका फारकतीची कुळकथा

दिवाणखान्यातल्या टीव्हीला जोडलेल्या संगणकावर सिनेमा लावावा, दिवे मंद करावेत, आणि पहिल्याच संवादाला ध्यानात यावं की ओठ मिटल्यावर शब्द ऐकू येतोय. दार लागून जातं आणि मग आपटल्याचा आवाज येतो. एकदा हे खटकलं की गोष्ट बाजूला राहते, नजर नुसती ओठांवर खिळते. मग केबल बदलून बघायची, संगणक बंद करून पुन्हा चालू करायचा, असं सुरू होतं.

पण वरून एकच दिसणारं हे दुखणं खरं तर दोन दुखणी आहेत. एकात आवाज सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारख्याच अंतराने मागे किंवा पुढे असतो. दुसऱ्यात सुरुवातीला सगळं जुळलेलं असतं आणि अंतर हळूहळू वाढत जातं. दोघांची कुळं वेगळी, म्हणून औषधंही वेगळी. आणि ही कुळं सिनेमाच्या जन्माइतकी जुनी आहेत.

अमेरिकेत न्यू जर्सीतल्या वेस्ट ऑरेंज इथे एडिसनचा स्टुडिओ होता. १८९४-९५ च्या सुमारास तिथे त्याचा सहकारी विल्यम डिक्सन एका भल्यामोठ्या कर्ण्यासमोर व्हायोलिन घेऊन उभा राहिला. शेजारी दोन माणसं त्या सुरांवर नाचली. चित्र फिल्मवर टिपलं गेलं, आवाज मेणाच्या नळकांड्यावर. जेमतेम सतरा सेकंदांचं हे दृश्य. चित्र आणि आवाज जन्मले एकाच क्षणी, पण दोन वेगळ्या यंत्रांच्या पोटी. पुढची सगळी कथा या फारकतीची आहे.

१९१३ साली एडिसनने किनेटोफोन थिएटरात आणला. आवाजाचं यंत्र पडद्यापाशी, प्रोजेक्टर प्रेक्षकांच्या पाठीमागे, आणि दोघांना जोडणारी लांबलचक दोरी कप्प्यांवरून ओढलेली. दोरी जरा सैल पडली, एखादं यंत्र जरा दमलं, की गायक तोंड मिटून उभा आणि गाणं चालूच. प्रत्येक यंत्राची चाल आपापली, त्यामुळे मिनिटागणिक अंतर वाढणार. वाढत्या अंतराच्या दुखण्याचा हा मूळपुरुष.

त्याला लगाम घातला व्हायटाफोन या पद्धतीने. १९२६ चा ‘डॉन वान’ आणि १९२७ चा ‘द जॅझ सिंगर’ या पद्धतीचे. सोळा इंची तबकडी मिनिटाला ३३ पूर्णांक एक तृतीयांश फेरे घेई, आणि तबकडी व प्रोजेक्टर एकाच मोटरने फिरत. चाल एक झाली, वाढतं अंतर संपलं. पण त्याच्या जागी दुसरं दुखणं आलं. सुई तबकडीवरच्या बाणाच्या खुणेवर आणि फिल्म आरंभाच्या चौकटीवर तंतोतंत ठेवावी लागे. जरा चूक झाली की अख्खं रीळ तेवढ्याच अंतराने बिनसलेलं. फिल्म तुटून चार चौकटी गेल्या, तर चालक मोजून चार काळ्या चौकटी चिकटवत असे. चित्र गेलं तरी चालेल, काळ जाता कामा नये, हे त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं.

मग आवाजाचंच छायाचित्र काढून ते फिल्मच्या कडेला छापायची युक्ती रुळली. आता तरी दोघं एकत्र नांदतील असं वाटावं, पण नाही. चित्र दिसण्यासाठी फिल्म झरोक्यासमोर सेकंदाला चोवीस वेळा थांबावी लागते. आवाजाला मात्र थांबून चालत नाही, त्याला सलग धार हवी. म्हणून आवाज वाचणारं टोक झरोक्यापासून दूर ठेवलं, आणि ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर आवाज आपल्या चित्राच्या सुमारे वीस चौकटी पुढे छापला. एकाच पट्टीवर असूनही दोघं कधी शेजारी नसत. फिल्म चढवताना वळण लांब राहिलं, की ओठ आणि शब्द फुटलेच.

आपल्याकडे १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरात ‘आलम आरा’ झळकला. दिग्दर्शक अर्देशीर इराणींनी त्यासाठी वापरलेला तनार कॅमेरा चित्र आणि आवाज एकाच फिल्मवर एकदमच टिपायचा. जुळवाजुळवीची चिंता मिटली, पण जवळून जाणाऱ्या आगगाडीचा खडखडाटही त्याच पट्टीवर उतरणार! म्हणून चित्रण रात्री चालायचं, आणि वादक कॅमेऱ्याच्या नजरेआड दडून साथ करायचे. एकत्र बांधल्याची ही किंमत होती. पुढे १९३५ च्या ‘धूपछाँव’पासून पार्श्वगायन आलं. ओठ एकाचे, गळा दुसऱ्याचा. फारकत आपण होऊन पत्करायची आणि मग ती कोणाच्या लक्षातही येऊ द्यायची नाही, ही कला आपल्या सिनेमाने जिवापाड जपली.

चित्र आणि आवाज वेगवेगळे टिपायचे, तर ते पुन्हा जोडायला खूण हवी. ती खूण म्हणजे क्लॅप. पाटीवरच्या दोन फळ्या एकमेकींवर आपटतात. त्या भिडतात ती चौकट आणि ‘टक्’ ऐकू येतो तो बिंदू समोरासमोर आणले, की पुढचं सगळं आपोआप जुळतं. बिजागरीच्या या फळ्यांचं श्रेय बहुधा मेलबर्नच्या एफ. डब्ल्यू. थ्रिंग यांना दिलं जातं. इतकं साधं आणि इतकं टिकाऊ अवजार सिनेमात विरळाच.

घरातल्या दुखण्याची आणखी एक मुळी १९५३ साली रुजली. अमेरिकेत रंगीत टीव्ही येत होता. रंगाच्या लहरी आवाजाच्या लहरींशी झगडून चित्रावर नक्षी उमटवतील अशी भीती होती. आवाजाची जागा हलवली, तर घरोघरचे कृष्णधवल संच गोंधळले असते. म्हणून अभियंत्यांनी चित्रच हजारातल्या एका अंशाने मंद केलं. सेकंदाला ३० चौकटी होत्या त्या २९.९७ झाल्या, आणि त्याच हिशेबाने सिनेमाच्या २४ च्या झाल्या २३.९७६. फरक नखाएवढा, पण एकाची चाल दुसऱ्यावर लादली तर तासाला ३.६ सेकंदांची फट पडते. युरोपात आणि आपल्याकडे टीव्हीची चाल २५ ची. या चालीच्या प्रतीचा आवाज २४ च्या चित्राला जोडला, तर मिनिटालाच सुमारे अडीच सेकंद बिनसतात.

डिजिटल काळात चित्राच्या आणि आवाजाच्या तुकड्यांवर वेळेचा शिक्का बसला. एमपेग पद्धतीच्या फाइलमध्ये हे घड्याळ सेकंदाला ९०,००० ठोके मोजतं. फाइलमध्ये गाठ पक्की असते, ती सुटते बाहेर पडल्यावर. टीव्ही चित्र गुळगुळीत करण्यात वेळ घालवतो, आवाज मात्र थेट ॲम्प्लिफायरकडे जाऊन आधी पोचतो. ब्लूटूथ हेडफोन लावले तर उलट, आवाजच रेंगाळतो. २००६ च्या एचडीएमआय १.३ पासून टीव्ही आपला उशीर ॲम्प्लिफायरला कळवू शकतो, आणि ॲम्प्लिफायर आवाज तेवढा थोपवून धरतो. शिवाय साउंड कार्डचं आणि ग्राफिक्स कार्डचं घड्याळ वेगळं असेल, तर दोघांत बारीक फरक असतोच. एडिसनची सैल दोरी ती हीच.

या सगळ्यांत आवाज आधी येणं जास्त टोचतं. निसर्गात वीज आधी दिसते, गडगडाट मागून येतो. उलटं कधी घडत नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या मानकानुसार आवाज ४५ मिलिसेकंद आधी आला तरी जाणवतो, उशीर मात्र १२५ पर्यंत खपून जातो.

म्हणून घरी काही बिनसलं, तर आधी क्लॅप शोधा. दार आपटणं, कप टेबलावर ठेवणं, टाळी, काहीही चालेल. असा एक क्षण सुरुवातीचा घ्या, एक शेवटचा. अंतर दोन्हीकडे सारखं असेल, तर दुखणं व्हायटाफोनच्या कुळातलं. टीव्हीचा गेम मोड लावून पाहा, ॲम्प्लिफायरमधला लिप-सिंक सरकवा, किंवा व्हीएलसी प्लेअरमध्ये जे आणि के या कळांनी आवाज ५०-५० मिलिसेकंदांनी हलवा. अंतर वाढत असेल, तर दुखणं किनेटोफोनच्या कुळातलं, आणि आवाज कितीही सरकवला तरी तो पुन्हा सुटणार. तिथे चालच सुधारावी लागते. फाइलचा चौकटींचा वेग तपासा, पडद्याचा रिफ्रेश रेट त्याच्याशी जुळवा, फोनवर घेतलेल्या चित्रणाचा वेग कमीजास्त होत असेल तर तो एकसारखा करून घ्या.

आणि डिक्सनचं व्हायोलिन? फिल्म एकीकडे राहिली, मोडलेलं नळकांडं दुसरीकडे. शंभरहून अधिक वर्षांनी, २००० च्या सुमारास, वॉल्टर मर्च या संकलकाने दोन्हींची चाल संगणकावर एक केली आणि गज सुरांशी जुळवला. त्या ध्वनिमुद्रणात व्हायोलिन सुरू होण्याआधी एक माणूस बोलतो: सगळे तयार आहात ना, मग करा सुरुवात. फळ्यांची पाटी जन्मायला तेव्हा तीसेक वर्षं अवकाश होता. पण दोघांनी एकाच क्षणी निघायचं असेल तर कोणीतरी इशारा द्यायला हवा, हे त्या खोलीत पहिल्याच दिवशी कोणाला तरी उमगलं होतं.